हरणासाठी आणि निशाण्यासाठी एकच रायफल? एका निवडीची हकिगत

मार्च २०२५ मधल्या एका रविवारी मित्राचा फोन आला. मूळचा सांगलीचा, गेली पंधरा वर्षं इंग्लंडात दंतवैद्य. "रायफल घ्यायचीय. .३०८ घेऊ की ६.५ क्रीडमूर? एका शब्दात सांग."

"थ्री-ओ-एट," मी म्हणालो. म्हणजे .३०८. दोन्ही काडतुसांची नावं; रायफल ज्या काडतुसाची, त्याच नावाने ओळखली जाते.

एका शब्दात मागितलं, एका शब्दात दिलं. त्या शब्दाची वसुली पुढे आठ-नऊ महिने चालली. ती अशी का चालली याचीच ही नोंद. इथे इंग्लंडात राहणारे जे मराठी लोक निशाणेबाजीच्या क्लबात जायला लागलेत, त्यांच्यापैकी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतो, आणि तोही एका शब्दातच उत्तर मागतो.

आधी माझा पूर्वग्रह सांगून टाकतो. मी बारा वर्षं .३०८ झाडतोय. माणूस आपण घेतलेलं वाहन आणि आपण घेतलेली रायफल यांची बाजू सहसा सोडत नाही.

जमीन, हरणं आणि हौस

मित्राला परवानगी मिळाली होती ती लंडनच्या वायव्येला, चिल्टर्न टेकड्यांमधल्या एका शेतावर. गहू, बार्ली आणि वरच्या उतारावर बीचचं रान. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, मित्राच्या दवाखान्यातल्या जुन्या पेशंट. त्यांची तक्रार फॅलो जातीच्या हरणांची: हिवाळ्यात वीस-पंचवीसचा कळप उतरतो आणि कोवळा गहू खुडून जातो. रानात नवी लावलेली रोपंही टिकत नाहीत. फॅलोशिवाय तिथे रो हरणं आहेत आणि मंटजॅक आहेत.

मंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचं चिनी भावंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशरमधल्या वोबर्नच्या जमीनदारीत आणून ठेवलेलं, तिथून सुटलं आणि दक्षिण इंग्लंडभर पसरलं. भुंकतं अगदी आपल्या भेकरासारखं. पहिल्यांदा संध्याकाळी त्या रानाच्या कडेला ते ऐकलं तेव्हा मला सिंधुदुर्गातली आमची काजूची बाग आणि भिंतीला टांगलेली आजोबांची ठासणीची बंदूक आठवली. पीक राखायला परवान्यावर मिळालेली ती बंदूक वर्षातून दोनदा आवाज करायला बाहेर निघायची, बस.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्द आपल्याकडे बहुतेक फक्त जुन्या माणसांच्या गप्पांतच उरला. त्यामुळे मराठी वाचकाला हरणावर गोळी झाडण्याची ही चर्चा खटकेल, हे मला ठाऊक आहे. इथली गोष्ट एवढीच की लांडगा आणि लिंक्स या बेटावरून शेकडो वर्षांपूर्वी संपले, आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला माणसाशिवाय कुणी उरलं नाही.

झाली जमीन. हौस वेगळी. मित्र आठ महिन्यांपासून एका मान्यताप्राप्त क्लबात जात होता. त्याला सरेमधल्या बिझ्लीच्या मैदानावर ३०० ते ६०० यार्डांवर झाडायचं होतं, आणि जमलं तर एफ-क्लासच्या, म्हणजे पालथं पडून, दुर्बीण आणि आधार लावून लांबवर झाडायच्या स्पर्धेत उतरायचं होतं. तिसरं म्हणजे दर हिवाळ्यात एका सहकाऱ्याबरोबर स्कॉटलंडला लाल हरणांच्या माद्या मारायला जायचा बेत.

हे सगळं त्याला एका रायफलीत हवं होतं.

आकडे म्हणजे नावं

पहिल्या बैठकीत त्याने मोठा तक्ता आणला. .२४३, .२७०, .३०८, ६.५. "जितका आकडा मोठा तितकी ताकद, ना?"

नाही. हे आकडे माप कमी आणि नाव जास्त. आपल्या पोलिसांची 'थ्री नॉट थ्री' घ्या: तिची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचांच्या आसपास असते. .२७० विंचेस्टरची गोळी .२७७ इंच. ६.५ मिलिमीटरवाल्या सगळ्यांची गोळी .२६४ इंच. .२४३ आणि .३०८ मात्र नावाप्रमाणे खरे. गंमत म्हणजे .२४३ हे १९५५ चं काडतूस .३०८ चीच मान आवळून केलेलं आहे: पितळी कोठी जवळजवळ तीच, गोळी बारीक.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात, तिथेही तो अडखळला. मी म्हणालो, आजीच्या पाटल्या आठव. इंग्रजी अमदानीत ठरलेला जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. १४० ग्रेनची गोळी पाऊण तोळ्याहून जरा भारी. १०० ग्रेनची अर्ध्या तोळ्याहून थोडी वर. दंतवैद्याला सोन्याचा हिशेब लगेच कळला.

दोन कायदे, एक नळी

खरी चाळण कायद्याने लावली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ चा हरीण कायदा सांगतो की रायफलीचा व्यास निदान .२४० इंच हवा आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा निदान १,७०० फूट-पाउंड हवी. मंटजॅक आणि चिनी पाणहरीण एवढ्यांनाच सवलत आहे: .२२० इंच, ५० ग्रेन आणि १,००० फूट-पाउंड. म्हणजे हलकी, स्वस्त .२२३ शेतावरच्या मंटजॅकला चालेल, पण त्याच शेतावरच्या रो किंवा फॅलोला नाही. स्कॉटलंडमध्ये हीच .२२३ रो हरणाला चालते! एकच जनावर, दोन बाजूंना दोन नियम. पण मित्राच्या यादीत फॅलो आणि लाल हरीण होतं, त्यामुळे .२२३ तिथेच बाद.

लाल हरणासाठी स्कॉटलंडची अट: निदान १,७५० फूट-पाउंड आणि वेग सेकंदाला २,४५० फूट. गोळीचं किमान वजन २०२३ पर्यंत १०० ग्रेन होतं, ते ८० वर आणलं, मुख्यतः बिनशिशाच्या हलक्या गोळ्यांची सोय व्हावी म्हणून.

इंग्लंडचे १,७०० आणि स्कॉटलंडचे १,७५०. पन्नासचा फरक कुणाला मोठा वाटणार? पण बघा. शेताच्या शेजारचा रखवालदार म्हणत होता, "इथे सगळे .२४३ वापरतात, डोकं कशाला खाता?" त्याचं बरोबर होतं. .२४३ च्या खोक्यावर १०० ग्रेनच्या गोळीचा वेग साधारण २,९५० च्या पुढे छापलेला असतो, पण तो २४ इंची नळीतून मोजलेला. हल्ली पुढे सायलेन्सर लावायचा म्हणून लोक २० इंचांची किंवा त्याहून आखूड नळी घेतात, आणि तिथे वेग खाली येतो. समजा तो २,८०० भरला. गणित केलं तर ऊर्जा येते १,७४१ फूट-पाउंड. चिल्टर्नमध्ये कायदेशीर, हद्द ओलांडून स्कॉटलंडात गेलात की नऊ फूट-पाउंडांनी गुन्हेगार. क्लबात वेग मोजायचं यंत्र असतं. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा त्यावर भरवसा ठेवावा, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

६.५ क्रीडमूरला ही चिंता नव्हती. १२० ग्रेनची तांब्याची गोळी, आखूड नळीतून २,७५० वेग, तरी ऊर्जा २,००० च्या वर. .३०८ तर त्याहूनही बरीच पुढे.

घारी

तांब्याची गोळी का, हे सांगायचं राहिलं. चिल्टर्नवर आकाशात पाहिलं तर लाल घारी दिसतात, कधी एकाच वेळी वीस-वीस. इंग्लंडातून त्या नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून मुख्यतः स्पेनमधून पिल्लं आणून इथे सोडली. हरीण पाडल्यावर जागेवरच पोट साफ करतात आणि आतडी बरेचदा तिथेच टाकतात. अर्ध्या तासात घारी हजर. शिशाची गोळी शरीरात फुटते तेव्हा डोळ्यांना न दिसणारे कण दूरपर्यंत पसरतात, आणि ते घारीच्या पोटात जातात. आपल्याकडे गिधाडं डायक्लोफिनॅकने कशी गेली हे ज्याला माहीत आहे, त्याला याचं गांभीर्य समजावून सांगावं लागत नाही.

मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी अट घातली: शिसं नको. पुढे जुलै २०२५ मध्ये सरकारनेही शिशाच्या छर्ऱ्यांवर आणि मोठ्या व्यासाच्या शिकारी गोळ्यांवर मुदत देऊन बंदी आणायचं जाहीर केलं. म्हणजे आज घेतलेली रायफल आयुष्यभर तांबंच खाणार, असं धरूनच चालावं लागणार होतं.

आणि इथे एक बारकावा आहे. तांबं शिशाहून हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळीला स्थिर राहायला नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वेढा, घट्ट लागतो. बहुतेक .२४३ नळ्यांचा पीळ दहा इंचांना एक वेढा असतो. त्यात ८० ग्रेनचं तांबं चालतं, १०० ग्रेनचं भरवशाचं नाही. आणि ८० ग्रेनने स्कॉटलंडचे १,७५० गाठायचे तर वेग ३,१३८ हवा. गाठता येतो, पण मग नळी आखूड करून चालणार नाही. क्रीडमूरच्या नळीला मुळातच आठ इंचांना एक वेढा असतो, कारण ते २००७ मध्ये लांब गोळ्यांसाठीच बनवलेलं काडतूस. यात माझी .३०८ मागे नव्हती, पण पुढेही नव्हती. मी गप्प बसलो.

मैदानावरचं खरं भांडण

निशाण्याच्या बाजूने मात्र माझ्या हातात हुकमाचा एक्का होता. एफ-क्लासमध्ये दोन गट. एफ/टीआर गटात फक्त .३०८ विंचेस्टर किंवा .२२३ रेमिंग्टन चालते. दुर्बीण आणि दुपायीसकट रायफलीचं वजन ८.२५ किलोपर्यंत. बाकी सगळी काडतुसं एफ-ओपन गटात, १० किलोपर्यंत. म्हणजे क्रीडमूर घेतलीस तर थेट ओपनमध्ये, जिथे लोक खास घडवलेल्या ७ मिलिमीटरच्या तोफा घेऊन येतात. "हौशी माणसाने टीआरमध्ये जावं. म्हणजेच .३०८."

तो म्हणाला, "पण वारा?"

वाऱ्याबद्दल तो बरोबर होता. ६०० यार्डांवर, ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात .३०८ ची १६८ ग्रेनची नेहमीची गोळी साधारण तीस इंच वाहून जाते, ६.५ ची १४० ग्रेनची वीस-बावीस. गोळी सडपातळ आणि लांब, हवेला कमी अडते. वाऱ्याचा अंदाज चुकला तर ६.५ त्या चुकीचा दंड कमी लावते.

नळीच्या आयुष्यात उलट. .२४३ अरुंद भोकातून जवळपास .३०८ एवढीच दारू जाळते, त्यामुळे घसा, म्हणजे नळीचा काडतुसाजवळचा आतला भाग, लवकर झिजतो. अचूक निशाण्याच्या दृष्टीने दीड-दोन हजार बार. क्रीडमूर अडीच-तीन हजार. .३०८ पाच हजार सहज. शिकाऱ्याला याचं काहीच नाही, तो वर्षाला पन्नास बार काढतो. क्लबात जाणाऱ्याला आहे. निशाणेबाजी नसती तर नाजूक खांद्याच्या कुणालाही मी डोळे मिटून .२४३ सांगितली असती. इथे ती बाद झाली ती नळीपायी.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट काडतुसात नसतेच. पारधीची रायफल पाठीवर घेऊन टेकडी चढायची असते: दुर्बीण आणि सायलेन्सरसकट सव्वाचार-साडेचार किलो, नळी बारीक. बिझ्लीला दोन अंदाजाचे आणि दहा किंवा पंधरा मोजायचे बार सलग काढतात. बारीक नळी पाच-सहा बारांत तापते आणि गोळ्या कागदावर सरकायला लागतात. सडपातळ रायफल कुठल्याही कॅलिबरची घ्या, ती आठव्या बारापासून तुमची परीक्षा घेते. एफ-क्लासची आठ किलोंची रायफल घेऊन रानात कोण जाणार? एक रायफल दोन्हीकडे चालते, पण दोन्हीकडे थोडी थोडी कुरकुरत.

नकली काडतूस

वाद असाच चालू राहिला असता. एप्रिलमध्ये क्लबात तीन सभासदांनी आपापल्या रायफली दिल्या: .२४३, ६.५ क्रीडमूर, .३०८. वजन साधारण सारखं, १०० यार्ड, प्रत्येकी पाच बार.

.२४३ आणि ६.५ चे गट, म्हणजे पाच भोकांचा पसारा, जवळपास सारखेच, सव्वा इंचाच्या आतबाहेर. .३०८ चा गट तीन इंच, आणि सगळा खाली उजवीकडे ओढलेला.

"रायफल बिघडलीय," तो म्हणाला. तिच्या मालकाने काही न बोलता पाच बार काढले. एक इंच.

मग मी जुनी युक्ती केली. काडतूस मी भरणार, तो फक्त चाप ओढणार. मधूनच एखादं नकली, बिनदारूचं भरायचं, त्याला न सांगता. तिसऱ्या वेळी नकली भरलं. बार झालाच नाही, पण नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलं. धक्का येणार म्हणून खांदा आधीच पुढे आला होता, डोळे मिटले होते. त्याने स्वतः पाहिलं. एकदम शांत झाला.

याला धक्क्याची धास्ती म्हणतात, आणि ती कुणालाही लागते. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत .३०८ चा धक्का .२४३ च्या जवळपास पावणेदोन पट असतो, ६.५ चा त्या दोघांच्या मध्ये. दिवसभर रुग्णाच्या तोंडावर वाकून काम करणाऱ्या या माणसाचा उजवा खांदा आधीच दुखरा होता. हे मी पहिल्या फोनवर विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण माझं उत्तर तयार होतं.

कागदावर तीन इंचांचं चुकणं म्हणजे दोन गुण. रो हरणाच्या छातीवर तीन इंचांचं चुकणं म्हणजे फुटलेला पाय आणि रात्रभर रक्ताचा माग.

निर्णय, आणि आमची चूक

ठरलं असं: ६.५ क्रीडमूर, २० इंची, मध्यम जाड नळीची. पारधीसाठी आणि क्लबातल्या सरावासाठी. एफ/टीआरची हौस क्लबच्या .३०८ वर भागवायची. ती जड आहे, वजनामुळे धक्का कमी देते. वर्षभराने हौस टिकली तर बघू. मध्येच स्वीडनच्या सैन्याचं १८९४ चं ६.५ × ५५ हे काडतूसही चर्चेत आलं. माझं आवडतं, कामगिरीत क्रीडमूरच्या बरोबरीचं. पण हवी तशी रायफल दुकानात क्रीडमूरमध्येच मिळत होती. .२७० आणि .३०-०६ यांच्यावर दहा मिनिटंही गेली नाहीत.

जूनमध्ये परवान्याचा अर्ज गेला. इथे प्रत्येक कॅलिबर परवान्यावर वेगळं लिहून घ्यावं लागतं, आणि प्रत्येकासाठी सबळ कारण द्यावं लागतं: कुठली जमीन, कुठलं जनावर, कुठला क्लब. गोळ्या किती विकत घ्यायच्या आणि किती घरात ठेवायच्या याचेही आकडे. पोलिसांच्या बंदूक विभागातल्या बाई घरी येऊन पोलादी कपाट भिंतीला पक्कं आहे का ते हलवून बघून गेल्या. वहिनींनी त्यांना कांदेपोहे दिले. त्यांनी चहा घेतला, पोहे नाकारले.

नोव्हेंबरमध्ये परवाना आला. वाचला आणि डोक्यावर हात मारला. कारण म्हणून आम्ही 'हरीण' लिहिलं होतं, निशाणेबाजीचा उल्लेखच केला नव्हता. रायफल हरणांसाठी आणि नेम जुळवण्यासाठी मंजूर; क्लबात निशाण्यावर झाडायला नाही. ज्या रायफलीवर दोन्हीसाठी इतका काथ्याकूट केला, ती कागदावर एकाचीच झाली. दोष पूर्णपणे आमचा. दुरुस्ती डिसेंबरात झाली.

मधल्या काळात, नोव्हेंबरच्या शेवटी, त्याने मचाणावरून पहिला मंटजॅक पाडला. सत्तर यार्ड, मागे उताराची माती. सूर्यास्तानंतर तासाभरापर्यंत कायदा परवानगी देतो. त्याने प्रकाश बरा असतानाच बार काढला. जनावर दहा-बारा किलोंचं, गोळी फासळ्यांतून आरपार, दोन्ही खांदे शाबूत. मालकीणबाईंना मंटजॅकशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, फॅलोच्या माद्या कधी?

जानेवारीत स्कॉटलंडला गेलो. मादी हरणांचा हंगाम तिथे १५ फेब्रुवारीपर्यंत. पहिल्या दुपारी हेदरच्या ओल्या झुडपात पाय घसरला, रायफल दगडावर आपटली, दुर्बीण हलली. नेम पुन्हा जुळवण्यात अकरा गोळ्या गेल्या. बरोबर आणलेल्या वीसपैकी नऊ उरल्या. गावातल्या दुकानात .३०८ होती, .२४३ होती, .२७० होती, तांब्यातसुद्धा. ६.५ क्रीडमूरची तांब्याची एकही पेटी नाही. मी काही बोललो नाही, पण माझा चेहरा बोलला असावा. तिसऱ्या दिवशी त्याने १६० यार्डांवर एक मादी पाडली, एका गोळीत. आठ परत आणल्या. आता तो एकाच खेपेच्या चार पेट्या कपाटात ठेवून असतो.

त्याच्याकडे एक वही आहे. फेब्रुवारीअखेर नोंद अशी: हरणांवर ४ गोळ्या, नेम जुळवण्यात ३१, क्लबात ६.५ च्या १६०, क्लबच्या .३०८ च्या ९०. पाचवा रकाना त्याने स्वतः आखलाय: नकली काडतूस. .३०८ वर डिसेंबरात दहात चार वेळा नळी खाली गेली होती. फेब्रुवारीत एकदा.

मार्चमध्ये क्लबने ती जुनी .३०८ विकायला काढली. मित्राने या वेळी मला फोन केला नाही. थेट सचिवांना केला.